तीस सेकंदांचा दम

मराठीच्या प्राध्यापकाच्या कपाळी कोणकोणती कामे लिहिलेली असतात, हे ज्याने जिल्ह्याच्या गावी वीस वर्षे नोकरी केली आहे त्यालाच ठाऊक! पाहुण्यांचा परिचय करून द्यायचा तो त्याने, आभार मानायचे ते त्याने, फळ्यावर सुविचार लिहायचा तो त्याने आणि सहकाऱ्यांच्या मुलामुलींच्या लग्नपत्रिकांतले ऱ्हस्वदीर्घ तपासायचे तेही त्यानेच. याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला दुसरे काही येत नाही त्याला सगळे आले पाहिजे, हा महाविद्यालयीन जीवनाचा नियमच आहे. पण गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि आमच्या क्रीडाशिक्षकांनी माझ्या हाती एक स्टॉपवॉच आणि एक शिटी ठेवली, तेव्हा मी चांगलाच दचकलो.

"सर, आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने आहेत. वेळाधिकारी म्हणून येणारे गृहस्थ तापाने आडवे झालेत. तुम्ही बसा."

"मी? अहो, मला कबड्डीतले काय कळते?"

"कळायला नको. मोजायला हवे. तुम्ही रोज वर्गात मात्रा मोजता, तसे इथे सेकंद मोजायचे. चढाई सुरू झाली की बटन दाबायचे, तीस झाले की शिटी वाजवायची. संपले!"

शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरे मोजणाऱ्या माणसाला तीस सेकंद मोजणे जड का जावे, असे मलाही वाटले. शिवाय समोरच्या संघाच्या व्यवस्थापकांनी "मराठीचे सर आहेत ना, मग हरकत नाही" अशी संमती देऊन टाकली. मराठीच्या प्राध्यापकाच्या हातून कुणाचे बरेवाईट होऊ शकत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खोटा ठरायला चाळीस मिनिटे लागली.

पण ती गोष्ट सांगण्याआधी मला माझ्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे; कारण कबड्डीतले मला काही कळत नाही, हे माझे विधान अर्धसत्य होते. ज्या घरात मी वाढलो त्या घरात हुतूतू हा देवघरातल्या देवाइतकाच नित्याचा विषय होता. बाबा आज शहात्तर वर्षांचे आहेत. तरुणपणी ते गावच्या संघातून खेळत. मुर्तिजापूरहून यवतमाळला येणाऱ्या 'शकुंतले'त बसून त्यांचा संघ दारव्ह्याला, कारंजाला सामन्यांना जाई. ती चिमुकली आगगाडी आता बंद पडली आहे. पण ती चालू असतानाही वेळेवर पोचण्याचा हट्ट तिने कधी धरला नाही आणि तिची वाट पाहणाऱ्यांनीही धरला नाही. गाडी आली की सामना सुरू, असा तो काळ होता.

बाबांची ख्याती होती ती त्यांच्या दमाबद्दल. १९७१ साली दारव्ह्याच्या अंतिम सामन्यात त्यांनी एका दमात दीड मिनिट चढाई केली, आणि तेवढ्यावर गावाने सामना जिंकला, ही कथा मी आजीकडून, काकांकडून, न्हाव्याकडून आणि पोस्टमनकडूनही ऐकली आहे. त्या विजयाचा पितळी गुंड अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. दर दिवाळीला आई चिंच लावून तो सोन्यासारखा लखलखीत करी. आता ते काम माझ्या पत्नीकडे आले आहे. मात्र एक गोष्ट मला लहानपणापासून चमत्कारिक वाटत आली होती. घरातले सगळे त्या गुंडातले पाणी पीत. बाबा कधी पीत नसत. विचारले तर म्हणत, "मले पितळ सोसत नाई."

पुढे बाबा एका जिनिंगमध्ये नोकरीला लागले. तिथे तीस-पस्तीस वर्षे कापसाची धूळ त्यांनी छातीत साठवली. दीड मिनिटाच्या दमाचा तो धनी आज दोन जिने चढताना तीनदा थांबतो. दम गेला आणि दमा आला. दोन शब्दांत अवघ्या एका कान्याचा फरक. पण तो काना चढायला एक आयुष्य लागते! डॉक्टरांनी त्यांना तीन रंगीत चेंडूंचे एक यंत्र दिले आहे. नळीतून श्वास ओढायचा आणि चेंडू वर धरून ठेवायचे. बाबांचा एक चेंडू वर जातो, दुसरा हलतो आणि तिसरा ढिम्म बसून राहतो.

त्यामुळे कबड्डीतल्या घड्याळावर त्यांचा किती राग असेल, याची कल्पना वाचकांना येईल. दूरचित्रवाणीवर प्रो कबड्डी लागली आणि पडद्याच्या कोपऱ्यात तीसपासून उलटे आकडे पळू लागले, की ते म्हणत, "हे कबड्डी होय का? हे त इस्त्रीवाल्याचं दुकान झालं. टाइम झाला, घ्या आपले कपडे!"

बाबांचा राग समजून घ्यायचा तर जुना खेळ आठवला पाहिजे. एकेकाळी या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई. गामिनीत बाद झालेला डाव संपेपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये कुणी बाहेरच जात नसे, नुसते गुण मोजले जात. गामिनीत घड्याळाला फारसे कामच नव्हते. एक बाजू पुरती गारद होईपर्यंत सूर्य मावळला तर मावळू द्यावा! १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, संजीवनी प्रकार रूढ झाला, हुतूतूची कबड्डी झाली आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ होऊन बसली. पण या साऱ्या प्रवासात पुष्कळ काळ चढाईचे घड्याळ होते ते चढाई करणाऱ्याच्या छातीत. त्याचा दम टिके तोवर त्याची वेळ. दम तुटला की नाही, हे पंचाने कानाने ठरवायचे.

हे ऐकायला फार काव्यमय वाटते. मलाही वाटे. परंतु या काव्यात एक व्यवहारही लपलेला होता. ज्या संघाकडे दोन-चार गुणांची आघाडी असे, तो शेवटच्या मिनिटांत आपला सर्वांत लांब दमाचा गडी पाठवी. त्याने काही मारायचे नाही. निदान रेषा एकदा ओलांडायची, म्हणजे चढाई रीतसर झाली; मग मध्यरेषेजवळ इकडून तिकडे झुलत राहायचे. समोरचे सात जण हात चोळत बसत. तिकडे पंचाच्या मनगटावरचा काटा फिरत असे आणि इकडे सामना संपत असे.

नव्या नियमांनी हेच बदलले. चढाईला तीस सेकंद. त्यात परतला नाहीस तर बाद. शिवाय लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे. नाहीतर चढाई करणारा बाद. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि हा 'करो या मरो'चा नियम घराघरांतल्या पोरासोरांच्या तोंडी झाला. त्याच्या जोडीला अव्वल पकड आली: बचावाचे तीनच किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी पकड केली, तर एक गुण जास्त.

आता यातले गणित पाहा. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांचा, म्हणजे एकूण दोन हजार चारशे सेकंदांचा. तीस सेकंदांच्या हिशेबाने दोघांनीही मुद्दाम वेळ खाल्ला तरी ऐंशीच्या आसपास चढाया व्हायच्याच. पूर्वी आघाडीवरचा संघ वेळ खाऊ शके. आता त्याला वेळ चावून, मोजून खावा लागतो. पहिली चढाई रिकामी, पुरे तीस सेकंद घालवून. दुसरीही तशीच. पण तिसरीला पळवाट नाही. त्यामुळे आघाडीवरचा हुशार कर्णधार शेवटच्या पाच मिनिटांत मागे मोजतो: आपली तिसरी चढाई कोणत्या वेळी येईल? त्या वेळी आपला पट्टीचा गडी मैदानात असेल ना? आणि पिछाडीवरचा संघ नेमका उलटा हिशेब करतो. आपल्या चढाया दहा-दहा सेकंदांत उरकायच्या, म्हणजे समोरच्यांना आणखी एकदा यावे लागेल. ते तिसऱ्या चढाईला आले की साखळी धरून थांबायचे, कारण आता येणाऱ्याला आत शिरण्यावाचून गत्यंतर नाही. बचावाला इतके बळ या खेळात पूर्वी क्वचितच मिळाले असेल. तीन गडी उरलेला संघही आता मरगळून बसत नाही. अव्वल पकडीच्या आशेने डोळ्यांत तेल घालून उभा राहतो, आणि चढाई करणाराच अशा तिघांना भिऊन लवकर परततो!

घड्याळाशी असे भांडण करणारे आपण एकटेच नाही. माझा भाचा अमेरिकेत शिकतो. तिथल्या कॉलेजांत फुटबॉल नावाचा जो खेळ खेळतात, त्याचा पायाशी संबंध कमी आणि खांद्याशी जास्त. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे; सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. पूर्वी ही दहा यार्डांची मजल मारली, की कॉलेजच्या सामन्यात घड्याळ थोडा वेळ थांबत असे. २०२३ च्या हंगामापासून ते थांबेनासे झाले. दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांत तेवढे थांबते. भाचा सांगत होता, "मामा, एवढ्या एका बदलाने खेळाची चाल बदलते. पुढे असलेल्या संघाने चेंडू घेऊन रांगत रांगत जायचे, की घड्याळ आपोआप पळते. मागे पडलेल्याला संधीच कमी मिळतात. त्याला घाई आधीपासून करावी लागते."

बास्केटबॉलची कथा तर याहून गमतीची आहे. १९५० साली अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांचा एक सामना १९-१८ असा संपला. कारण एका संघाने चेंडू नुसता हातात धरून ठेवला. प्रेक्षक वैतागले. अखेर १९५४ साली चोवीस सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे असा नियम आला. चोवीसच का? तर चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण एकशे वीस वेळा चेंडू फेकतात. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या दोन हजार आठशे ऐंशी सेकंदांना एकशे वीसने भागले, की चोवीस येतात. एका व्यापारी बुद्धीच्या संघमालकाने हा भागाकार केला आणि खेळ वाचला.

मी हे सगळे बाबांना रंगवून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एवढेच म्हणाले, "म्हणजे टाइम खाणारे तिथंबी हायेतच."

आता सामन्याकडे वळतो. अंतिम सामना आमच्याच मैदानावर, आमच्याच संघाचा होता. बाबा हट्टाने आले होते. मफलर गुंडाळून, हातात काठी घेऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले होते. आमच्या संघाची सारी भिस्त एका मुलावर होती. घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातला हा मुलगा माझ्याच वर्गात मराठी घेऊन बसतो. वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. सुट्टीत तोही कापूस वेचायला जातो. विद्यापीठाच्या संघात निवड, पुढे एखादे पदक आणि मग खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत राखलेल्या पाच टक्के जागांपैकी एखादी, अशी एक लांबलचक शिडी त्याने मनाशी उभी केली होती. तिची पहिली पायरी म्हणजे हा सामना. निवड करणारे समोर बसले होते.

शेवटच्या मिनिटाला आम्ही २७-२८ असे मागे होतो. आमच्या दोन चढाया भीतीपोटी रिकाम्या गेल्या होत्या. सामन्याचे वीस सेकंद उरले असताना आमची तिसरी चढाई सुरू झाली. सुरू झालेली चढाई सामन्याची वेळ संपली तरी पुरी करू देतात; म्हणजे आता मोठ्या घड्याळाला अर्थ उरला नव्हता. उरले होते ते माझ्या तळहातावरचे तीस सेकंद.

मुलाने मध्यरेषेला हात लावून तो कपाळाला लावला आणि "कबड्डी, कबड्डी" सुरू केले. मी बटन दाबले. पहिले काही सेकंद तो रेषेजवळच झुलत राहिला. खेड्यात तो तसाच शिकला होता: आधी दम घुमवायचा, समोरच्याला झुलवायचे, मग आत शिरायचे. दहा झाले, बारा झाले. पंधराव्या सेकंदाला त्याने निदान रेषा ओलांडली. बावीसला डावीकडे हूल दिली. सव्विसाव्याला वाऱ्यासारखा उजव्या कोपऱ्यात घुसला, हाताने एकाला शिवला, उलट्या टाचेने दुसऱ्याला! दोन गुण! मैदान डोक्यावर घेतले लोकांनी. तो परत फिरला. साडेसहा मीटरचे ते अर्धे मैदान; त्याची उडी, त्याचा पसरलेला हात आणि माझ्या हातातले आकडे.

तीस.

मी शिटी वाजवली. तेव्हा त्याची बोटे मध्यरेषेपासून चार अंगुळे दूर होती. पापणी लवायच्या आत ती रेषेपलीकडे गेली. पण शिटी आधी वाजली होती. सरपंचांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मुलगा बाद झाला. २९-२८ असे जिंकायचे, ते आम्ही २७-२९ असे हरलो.

वाचकहो, मी अर्धा सेकंद थांबू शकलो असतो. कुणाला कळलेही नसते. आकडा दिसल्यापासून ओठ शिटीवर दाबले जाईपर्यंत माणसाला काही क्षण लागतातच. ते क्षण कुणी मोजत नाही. मुलाने जमिनीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिले, त्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. क्रीडाशिक्षक काही बोलले नाहीत. सहकाऱ्यांपैकी एकाने मात्र चहाच्या वेळी ऐकवले, "काय सर, वर्गात तासभर उशिरा येणाऱ्याला तुम्ही हजेरी देता!"

त्या रात्री मला जेवण गेले नाही. बाबा पलंगावर चेंडूंचे यंत्र घेऊन बसले होते. मी त्यांच्या पायथ्याशी बसलो आणि म्हणालो, "बाबा, चुकलं का माझं? थांबायला हवं होतं का?"

त्यांनी नळी तोंडातून काढली. बराच वेळ ते दम गोळा करीत होते.

"तुले एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "कोणाले सांगितली नाई. तुह्या मायलेबी नाई. दारव्ह्याची ते दीड मिनिटाची चढाई. सारे सांगतेत ना? मधात दम तुटला होता माहा."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

"आपण एका गुणानं समोर होतो. म्या मध्यरेषेवर झुलत होतो. छाती फुटाले आली. म्या पाठ फिरवली अन् एक घोट हवा घेतली. पंच आपल्या गावचा. त्यानं माह्याकडं पायलं, अन् तोंड दुसरीकडं केलं. समोरचं एक पोट्टं ओरडून राह्यलं होतं, 'दम तुटला, दम तुटला.' लोकायच्या हल्ल्यात त्याचं कोण ऐकते? पंचायनं शिटी वाजवली, आपण जिंकलो. ते पोट्टं रडत होतं बाप्पा. त्याचं तोंड मले अजून दिसते."

स्वयंपाकघराच्या दारातून तो पितळी गुंड दिसत होता. पितळ बाबांना का सोसत नव्हते, हे मला चोपन्न वर्षांनी कळले.

"आज तू थांबला असता," बाबा म्हणाले, "त त्या दुसऱ्या कॉलेजचं एखादं पोट्टं तसंच रडलं असतं. तुह्या घड्याळाले कान नाईत, हे बरंच हाये. त्याले आपलं गाव ऐकू येत नाई."

ज्या घड्याळाने दमाची किंमत घालवली म्हणून ते इतकी वर्षे चिडत होते, त्याच्याविषयी हे त्यांचे शब्द! मी विचार करीत राहिलो. लांब दमाचा खेळ गेला, यात काहीतरी सुंदर गेले, हे खरे आहे. त्याची हळहळ वाटलीच पाहिजे. पण ज्याला आपण दमाचे राज्य म्हणत होतो, ते पुष्कळदा ज्याचे गाव, ज्याचा पंच, त्याचे राज्य होते, हेही तितकेच खरे. घड्याळ निष्ठुर आहे. पण ते घाटंजीच्या मुलाला आणि त्याच्या समोरच्या मुलाला सारखेच निष्ठुर आहे.

अर्थात नियम कागदावर बदलला म्हणून खेळ लगेच बदलतो, असे नाही. जुना नियम अंगात मुरलेला असतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझूच्या आशियाई स्पर्धेतला भारत-इराण अंतिम सामना मी आणि बाबांनी शेजारी बसून पाहिला होता. २८-२८ अशी बरोबरी, शेवटची दोन मिनिटेही उरलेली नाहीत, आणि आपल्या चढाईपटूची तिसरी चढाई. तो कुणालाही न शिवता लॉबीत गेला, त्याच्यामागून इराणचे गडीही गेले. आता बाद कोण? एकटा तो, की त्याच्यामागे गेलेले सगळे? एका स्पर्धेचा नियम एक सांगत होता, दुसरीचा दुसरे. पंच गोंधळले, खेळाडू मैदानात बसून राहिले आणि सामना जवळजवळ तासभर थांबला. अखेर आपण ३३-२९ असे जिंकलो. पण तीस सेकंदांच्या खेळाला नियमाचा अर्थ लावायला तास लागला, हे मी विसरलेलो नाही.

आमच्या मुलाचेही तेच झाले होते. त्या वर्षी त्याची निवड झाली नाही. आठवडाभर तो वर्गात मागच्या बाकावर बसला. मग एके दिवशी तास संपल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सर, माहे तीस सेकंद कुठं गेले, ते सांगता का? तुम्हीच मोजत होते."

मी त्याला कागदावर मांडून दाखवले. पंधरा सेकंद मध्यरेषेवर. सात निदान रेषेपलीकडे अंदाज घेण्यात. चार हुलीत. परतायला उरले चार, त्यातला निम्मा वेळ दोघांना शिवण्यातच गेला. तो त्या कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे सर," तो म्हणाला, "माहा अर्धा टाइम त दम दाखवण्यातच गेला."

तेव्हापासून सकाळी सहाला आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेषा पडतात. मुलगा आणि त्याचे दोन मित्र सायकलींवरून येतात. मी स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. बाबा खुर्चीवर बसतात आणि ज्याला सारे आयुष्य झुलणे माहीत, तो माणूस त्याला न झुलण्याचे धडे देतो. "पाचाच्या आत निदान रेषा. बाराच्या आत कोपरा. वीसच्या मंग हात टाकाचा नाई, फिराचं." मुलगा आत शिरला की बाबा आपले यंत्र तोंडाला लावतात. त्याच्या तीस सेकंदांत यांचे चेंडू. पावसाळ्यात एका सकाळी दुसरा चेंडूही वर जाऊन थरथरत राहिला, तेव्हा मुलगा चढाई अर्धवट सोडून टाळ्या वाजवू लागला आणि बाबांनी यंत्र खाली ठेवून त्याला शिव्या घातल्या.

यंदाचे सामने दिवाळीनंतर आहेत. मी वेळाधिकारी व्हायचे नाही, असे क्रीडाशिक्षकांना आधीच कळवून टाकले आहे. माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. आता त्या मुलाच्या तीस सेकंदांत माझे गाव मिसळले आहे, म्हणून.

परवा दिवाळीची साफसफाई निघाली. पत्नीने चिंच लावून गुंड घासला, पाण्याने भरला आणि ओट्यावर ठेवला. तेवढ्यात मागच्या अंगणातून मुलगा घामाने निथळत आला. "सर, किती?"

"बावीस."

"दोघायले शिवून?"

"दोघांना शिवून, परत येऊन."

तो हसला. मी त्याला पाणी द्यायला माठाकडे वळलो, तर मागून बाबांचा आवाज आला.

"माठातलं कशाले? त्या गुंडातलं दे त्याले."

मी पेला भरून मुलाच्या हातात दिला. त्याने तो एका दमात रिकामा केला. मी दुसरा भरला आणि काही न बोलता बाबांच्या पुढे धरला. त्यांनी एकदा पेल्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले.

"अजून आठ सेकंद हायेत ना?" त्यांनी विचारले, आणि पेला हातात घेऊन, घाई न करता, घोट घोट पाणी प्यायले.